पालथा दगड

आगोट जवळ आली की आमच्या गावात वस्तू पालथ्या घालायला सुरुवात होते. आगोट म्हणजे पावसाळ्याची बेगमी करायचे वैशाखाचे शेवटचे दिवस. राजिवड्याच्या खाडीवर लहान होड्या वर ओढून पालथ्या घालतात आणि त्यांच्यावर माडाची झापं टाकतात. लोणच्याच्या बरण्या धुऊन ओटीवर पालथ्या. घराघरांवर माणसं चढतात, कौलं उतरवतात, झाडतात, फुटकी बाजूला काढतात. अंगणातली फणसपोळी दुपारी एकदा पालथी करावी लागते, नाहीतर खालच्या बाजूला बुरशी धरते. पालथं घालणं म्हणजे राखणं, असा आमच्याकडचा समज आहे. जे पालथं आहे ते पावसात टिकतं.

हाच समज मी एकदा एका म्हाताऱ्या माणसाच्या हातात दिला, आणि तो बिचारा त्यावर सुखानं मेला.

मी फार बोलणारा माणूस नाही. चाळीस वर्षं कमी बोलण्यात काढली की लोक त्याला सज्जनपणा म्हणायला लागतात. मीही म्हणू दिलं. पण गेल्या महिन्यात मला एक प्रश्न विचारला गेला. साधा, दहा शब्दांचा प्रश्न. त्याला मी "बघू" म्हणून मोकळा झालो. तेव्हापासून फणसाचा वास आला की जेवण जात नाही. म्हणून लिहितो.

बारा वर्षांपूर्वीची आगोट. मी तेव्हा बांधकामावर देखरेख करत असे. मजूर मला 'ओवरशेर' म्हणत. मुंबईला राहणाऱ्या एका शेटनं पेठेच्या टोकाला जागा घेतली होती आणि तिथे गाळ्यांची लांबलचक इमारत घालायची होती. जोतं पावसाआधी वर यायला हवं. जोतं वर आलं नाही तर चरात पाणी साठतं, कडा ढासळतात, सगळा उन्हाळा फुकट जातो. हे मी स्वतःचं समर्थन म्हणून सांगत नाही. की सांगतोय? माझं मलाच नीटसं कळत नाही.

त्या दिवसांतला जांभा अजून माझ्या तळव्यांना आठवतो. खाणीतून नुकता काढलेला चिरा आतून ओलसर, हळदकुंकवाच्या रंगाचा, आणि आठवडाभर उन्हात पडला की लोखंडासारखा. कातळावरून येणारा वारा तोंड भाजून काढायचा. आंबे संपत आलेले, काजूची बोंडं कुजून त्यांचा आंबूस दारूसारखा वास, आणि शेजारच्या वाडीत खाऱ्या मासळीची सुकवण. बाया डोक्यावर पाट्या घेऊन रांगेनं जायच्या आणि जाता जाता एकमेकींच्या सासवांची नक्कल करायच्या. पुढे गंगी असायची. तिच्या जिभेला मी भीत असे.

"ओवरशेर, सावलीत उभं ऱ्हावन काळं झालात तुमी," ती म्हणायची. "उनात आलात तर काय व्हाल?"

खणताना जांभ्यात कोरलेल्या पायऱ्या लागल्या. तीन दिसत होत्या, चौथी पाण्यात होती. वैशाखात पाणी! गार, किंचित लोहाच्या चवीचं. सगळे ओंजळीनं प्यायले. मीही प्यायलो. मग दुसऱ्या दिवशी ते बुजवायला सांगितलं, कारण नकाशात तिथे तिसरा गाळा होता.

मला माहीत होतं की असं काही लागलं तर थांबायचं असतं, मामलेदाराला कळवायचं असतं. त्याहून जास्त हे माहीत होतं की दामले मास्तरांना कळवायचं असतं, कारण तसं मी त्यांना शब्द देऊन बसलो होतो.

दामले मास्तर मला मराठी चौथीला होते. पेन्शनीत निघाल्यापासून एक पिशवी काखेला लावून ते पायी भटकत. पिशवीत जाड कागद, राठ केसांचा कुंचला, काजळीची डबी आणि कापडाचा बोळा. कुठे जुना दगड दिसला की ओला कागद त्यावर बसवायचा, कुंचल्यानं ठोकत ठोकत अक्षरांच्या खाचांत घालायचा आणि वरून काजळीचा बोळा फिरवायचा. खाचा पांढऱ्या राहतात, बाकीचा कागद काळा होतो. दगड जागेवर राहतो आणि त्याचं बोलणं घरी येतं. त्यांच्या धोतराला कायम काळे डाग. गाव त्यांना काजळीमास्तर म्हणे. "मास्तर, आज कुणाच्या चुलीत शिरला होतात?" असं कुणी विचारलं तर ते हसून सांगत, "तुझ्या आज्याच्या."

त्यांचा एकच ध्यास होता. पेठेच्या टोकाला कधीकाळी तळं होतं आणि ते कुणीतरी वाटसरूंसाठी दान दिलं होतं, असं त्यांनी लहानपणी आपल्या आजोबांकडून ऐकलं होतं. दान दिलं तर दगड असणार. दगड सापडला तर देणाऱ्याचं नाव सापडणार, काळ सापडणार. आणि हे गाव बोटी आणि कचेऱ्या येण्याआधीही गाव होतं, कुणाच्या तरी तहानेची काळजी करणारं गाव होतं, हे सिद्ध होणार.

"विसू," ते मला म्हणाले होते, "मी नुसता वरून बघणारा. तू खणणारा. जमिनीतलं जे काय आहे ते आधी तुझ्या फावड्याला दिसणार, मग मला. काही लागलं तर हात लावायच्या आधी निरोप धाड. एवढंच."

"धाडीन मास्तर."

"धाडशील रे. तू शब्दाचा आहेस. लहानपणी उत्तर येत नसलं तर गप्प बसायचास, पण खोटं सांगायचा नाहीस."

ईशान्येच्या कोपऱ्यात दगड लागला तो सकाळी. काळा, पुरुषभर उंचीला थोडा कमी, जांभ्याच्या लालीत एकटा. पाण्यानं धुतला. वरच्या बाजूला सूर्य आणि चंद्र. मध्ये अक्षरांच्या ओळी. आणि तळाच्या चौकटीत गाढव आणि बाई.

आमच्या कोकणातल्या जाणत्यांना एवढं लिहिलं तरी पुरे. दान मोडील त्याच्या आईच्या अब्रूला घातलेली ती शिवी आहे, दगडात कोरलेली, वाचता न येणाऱ्यालाही कळावी म्हणून. सूर्यचंद्र आहेत तोवर हे दान चालो, आणि जो चालू देणार नाही त्याची ही गत होवो. म्हणजे तो दगड राखण्यासाठीच चित्र कोरलेलं. पण त्या दिवशी तिथे वीस-पंचवीस बाया होत्या.

गंगीनं आधी बघितलं. पाटी खाली ठेवली. हसणारी बाई, पण हसली नाही. पदर ओढून घेतला आणि म्हणाली, "ह्यो शापाचा दगूड हाय. आमी न्हाय हितं पाट्या उचलनार."

"अगं, दगड तो दगड," मी म्हणालो.

"तुमाला दगूड. नाव कुनाचं घेतलंय त्येच्यावर? बाईचंच ना? पाप करनार बाप्ये, आनि गाढवाखाली बाई!" ती बाकीच्यांकडे वळली. "चला गो. देवीचा कौल घ्या म्हनावं आदी."

बाया सावलीत जाऊन बसल्या. कौल घ्यायचा म्हणजे देवळात मानकरी जमायचे, देवीला कळ्या लावायच्या, कुठली कळी पडते ते बघायचं. त्यात पहिला मान कुणाचा यावर चार दिवस भांडण. तोवर आगोट सरली असती. शेटचा मुनीम दुपारी येणार होता. मास्तरांना निरोप धाडला तर ते धावत येणार, मामलेदार येणार, काम थांबणार. आणि ते थांबवणारा मी.

मी दाऊद मिस्त्रीला हाक मारली. राजिवड्याचा दाऊद माझ्या हाताखालचा सगळ्यात चांगला गवंडी. त्याचा ओळंबा कधी हलला नाही. त्याला म्हटलं, "ह्या दगडाचं तोंड सपाट करून दे. पायात घालू कोपऱ्याला. चित्र गेलं की बाया येतील."

दाऊद दगडासमोर उकिडवा बसला. चित्राकडे त्यानं बघितलंसुद्धा नाही. ओळींवरून बोट फिरवलं, जसं लहान मूल झोपलेल्या बापाच्या तोंडावरून फिरवतं.

"सायेब, ह्ये लिवलेलं हाय."

"मग?"

"लिवलेल्यावर टाकी न्हाय चालवत आमी. माज्या बापानं न्हाय चालवली."

"अरे, हे काय तुझ्या भाषेतलं आहे?"

तो माझ्याकडे बघून हसला. चेष्टेचं हसू नव्हतं ते. मोठ्या माणसानं लहानाला हसावं तसं. "भाषा बघून हात थांबतो व्हय, सायेब? कुनीतरी बसून कोरलंय. सांगायचं व्हतं म्हनून कोरलंय. तुमी शिकलेले. तुमी वाचा तरी आदी."

मी वाचलं नाही. हे मला आज स्पष्ट लिहायचं आहे. ओळी सात होत्या. मी त्या मोजल्या. माझ्या धंद्यात सगळं मोजायची सवय. पण वाचायचा प्रयत्न केला असता तर एखादा शब्द लागला असता, आणि शब्द लागला असता तर हात उचलला नसता, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. म्हणून मी डोळे ओळीच्या टोकावर ठेवले आणि मोजलं. सात.

दाऊदनं हात धुतले, आपली थापी आणि ओळंबा फडक्यात गुंडाळला आणि निघाला. जाताना एवढंच म्हणाला, "पालता घाला पायजे तर. पालता घातला तर ऱ्हाईल."

तेवढंही मी ऐकलं असतं तर आज हा लेख नसता.

दुपारी माणसं भाकऱ्या खायला फणसाखाली गेली. फणस पिकून फुटला होता, माश्या घोंघावत होत्या, हवेत तो गोड, जड, गुदमरवणारा वास. चरात मी एकटा उतरलो. आधी चित्रावर टाकी लावली. काळा दगड सहज सुटत नाही. पहिले घाव घसरले, मग तिरका हात बसला. चित्र गेलं. बाया आता येतील, एवढ्यावर थांबायचं होतं. मी थांबलो नाही.

चित्र काढलं ते बायांसाठी. अक्षरं काढली ती माझ्यासाठी. आज ना उद्या कुणीतरी हा दगड उचलील, वाचील, आणि विचारील की हे लागलं तेव्हा इथे देखरेखीला कोण होतं. अक्षरंच नसली तर दगड म्हणजे दगड.

खालून वर गेलो. सातवी ओळ, सहावी, पाचवी. पहिल्या ओळीतलं शेवटचं अक्षर मला आठवतं. गोल पोटाचं, वर आडवी रेघ, बाजूला एक छोटा काना. कुठलं ते आजही सांगता येत नाही. पण डोळे मिटले की दिसतं, आणि त्याच्यावर येणारी माझीच टाकी दिसते. सूर्यचंद्रांपर्यंत पोचायच्या आत फणसाखालून माणसं उठली. मी कपडे झटकले, दगड पालथा घालायला लावला, वर चिरे चढले. गंगी आली, चराकडे बघितलं, पाटी उचलली. त्या दिवशी तिनं मला काही टोमणा मारला नाही. नंतरही कधी नाही. जोतं मृगाच्या चार दिवस आधी पुरं झालं. मुनीम खूश झाला.

दाऊद त्या आगोटीनंतर बोटीवर गेला. आफ्रिकेला, म्हणतात. पुन्हा दिसला नाही.

गाव लहान. दोन वर्षांनी बायांच्या तोंडून मास्तरांच्या कानावर गेलंच. सकाळी ते माझ्या ओटीवर येऊन बसले. पिशवी मांडीवर. मी चहा आणायला आत जायला लागलो तर म्हणाले, "बस. विसू, पेठेच्या कामात दगड होता?"

"होता."

"निरोप नाही धाडलास."

मी गप्प. उत्तर येत नसलं की गप्प बसायचं, ही लहानपणची सवय.

"कुठे आहे?"

"ईशान्येच्या कोपऱ्यात. पायात. पालथा घातलाय."

मला वाटलं रडतील, किंवा उठून जातील. ते पुढे वाकले. "पालथा? तोंड खाली?"

"हो."

"तोंडाला चुना लागला?"

"नाही. खाली मुरूम आहे."

हे दोन्ही खरं होतं. एकही अक्षर खोटं नाही. मास्तरांच्या तोंडावरची सुरकुती न् सुरकुती सैल झाली. "म्हणजे राहिला!" ते म्हणाले. "अरे, राहिला तो. वर असता तर कुणी धुण्याला घेतला असता, कुणी पायरी केली असती. पालथा आहे म्हणजे आहे. इमारती काय, शंभर वर्षांत पडतात. पडेल तेव्हा कुणीतरी उलटील. विसू, तू नकळत राखलास त्याला."

त्यांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. त्या हाताची जागा अजून मला सांगता येते.

घरी जाऊन त्यांनी कोपऱ्याचा नकाशा काढला, लेकीला समजावला. वेणू कन्याशाळेत शिकवते. लग्न केलं नाही, बापाची पिशवी सांभाळली. पुढच्या वर्षी मास्तर गेले. शेवटच्या दुखण्यात माणूस रामनाम घेतो, ते म्हणे मधूनच डोळे उघडून वेणूला विचारत, "पालथाच आहे ना गं?" आणि ती "हो बाबा" म्हणाली की झोपत.

अधल्यामधल्या वर्षांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. पेठेच्या त्या टोकाच्या विहिरी हल्ली वैशाखात तळ गाठतात. बाया हंडे घेऊन लांबून येतात, गाळ्यांच्या सावलीत टेकतात, उठतात. तिसऱ्या गाळ्यात पानपट्टी आहे. तिच्या लादीखाली चार पायऱ्या आहेत आणि पाणी आहे. असेल. तिथून मी पान घेत नाही.

या आगोटीला इमारतीच्या मालकानं तोच कोपरा उकलायला काढला. मोटारसर्व्हिसच्या गाड्या वळायला जागा पुरत नाही म्हणून. वेणू सकाळीच माझ्या दारात उभी राहिली. काखेला मास्तरांची पिशवी. इतकी वर्षं वापरली नव्हती तरी काजळीचा वास येत होता.

"विसूदादा, शंभर वर्षं नाही लागली हो!" ती म्हणाली. चाळिशीला टेकलेली बाई, पण आवाज परकरातल्या मुलीचा. "मालकांना विचारून आलेय. तासभर देतो म्हणाले. तुम्ही चला, जागा तुम्ही दाखवायची. बाबा असते तर..."

वाटेत सांगायचं, असं मी तीनदा ठरवलं. पहिल्यांदा देवळाच्या वळणावर, दुसऱ्यांदा डाकघराशी. तिसऱ्यांदा कुठे ते आठवत नाही. ती बोलत होती, पुण्याला कुणाकुणाला पत्रं धाडायची ते सांगत होती. मी चालत होतो.

पहारी लागल्या. चिरे सुटले. काळा दगड दिसला. गड्यांनी दोर लावून तो उलटा केला, मुरूम झाडला, वेणूनं स्वतः पाणी ओतलं. सूर्य. चंद्र. ती हसली. आणखी पाणी ओतलं, हातानं चोळलं. आणखी एक तांब्या. मग तिचा हात हळू झाला.

"झिजलंय का हो?" ती म्हणाली.

मी रिकामा तांब्या उचलला आणि भरून आणला.

"डोळ्यांना दिसत नाही ते कागदाला दिसतं, बाबा म्हणायचे," असं पुटपुटत तिनं कागद भिजवला, दगडावर बसवला, कुंचल्यानं ठोकत गेली. एकेक वीत, अगदी मास्तरांसारखी, ओठ दुमडून. काजळीचा बोळा फिरवला. पदर काळा झाला, तिनं बघितलंही नाही. गडी विडी ओढत उभे होते. एकानं विचारलं, "काय लिवलंय, बाय?" ती म्हणाली, "थांब रे."

कागद सोलून निघाला. वर दोन पांढरी वर्तुळं, एक पुरं, एक कोरीचं. ज्याच्या साक्षीला त्यांना बसवलं होतं ते गेलं आणि साक्षीदार राहिले. आणि खाली, वीतभर मोकळ्या जागेनंतर, काळ्यावर पांढरे, लख्ख, तिरके घाव. ओळीनं. डावीकडून उजवीकडे उतरत गेलेले. मी डावरा आहे. माझा घाव असाच पडतो. सात ओळींच्या जागी माझी अक्षरं उमटली होती. मास्तरांच्या काजळीनं ती चांगली उठली.

कागद तिनं माझ्या अंगणात वाळत घातला, फणसपोळीच्या ताटांशेजारी, चार कोपऱ्यांवर चार खडे ठेवून. त्याखाली तिनं पेन्सिलीनं, मास्तर लिहीत तसं लिहिलं: स्थळ. दिशा. दगड काळा. मजकूर, आणि त्यापुढे जागा सोडली.

मग मान वर करून तिनं विचारलं, "विसूदादा, ह्या तिरक्या रेघा कसल्या? मजकुराच्या जागी काय लिहू मी?"

मी "बघू" म्हणालो.

दगड दुसऱ्या दिवशी गड्यांनी फोडला. नव्या वळणाला खडी कमी पडत होती. कोरा दगड म्हणून मालकानं कुणाला विचारलं नाही, आणि मीही आडवा गेलो नाही. कुठल्या तोंडानं जाणार? सूर्यचंद्र त्या खडीत गेले. आता उलटायलाही काही उरलं नाही. उरलाय तो एक कागद.

वेणू, तुझ्या बाबांना मी खोटं सांगितलं नव्हतं. फक्त खरं अर्ध्यावर थांबवलं होतं. तो पालथा होता, आणि तो नव्हता. त्या रेघा झिजेच्या नाहीत. त्या एका दुपारच्या आहेत, फणसाखाली माणसं जेवत असतानाच्या. मजकुराच्या जागी माझं नाव लिही. दुसरं काही त्या दगडावर वाचता येत नाही.